उभंच न्यायचं कपाट

आमचं कपाट त्या पुलाखालून आरामात गेलं असतं, याबद्दल मला आजही शंका नाही. कपाट मी स्वतः मोजलं होतं. पूलही मोजला होता. कपाटाच्या डोक्यावर एखादा माणूस मांडी घालून बसला असता, तरी त्याच्या टोपीला पूल लागला नसता. अट एकच होती, की कपाटाने चालत जायला हवं होतं. ते ट्रकमधून गेलं, आणि ट्रक मोजायचा राहून गेला.

हे मी पुढे बऱ्याच लोकांना समजावून सांगितलं. ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग विचारतो, "तुम्ही बी.कॉम. ना?" मी हो म्हणतो. मग तो विषय बदलतो.

पण यात सोलापूरचाही थोडा दोष आहे. बाहेरगावच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्या गावात उंच वस्तू चालत जातात. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाच्या काठ्या निघतात. एकेक काठी घरांच्या माळवदांवरून पलीकडे बघेल एवढी उंच. ती आडवी करत नाहीत. कमरेला पट्टा बांधून माणसं ती उभी नेतात, आणि वर विजेच्या तारा आडव्या आल्या तर पुढे चालणारे लोक बेचक्याच्या बांबूने तारा उचलून धरतात. त्यामुळे सोलापुरात वाढलेल्या पोराच्या मनावर लहानपणीच दोन गोष्टी ठसतात. एक, वस्तूची उंची मोजली की झालं, कारण खाली माणूस असतो आणि माणूस गरजेपुरता वाकतो. दोन, डोक्यावर काही आडवं आलंच तर ते वर उचलतात. या दोन्ही गोष्टी रेल्वेच्या पुलाला कुणी सांगितल्या नव्हत्या.

कपाट आईचं. सागवानी, दाराला माणूसभर उंच आरसा, आणि डोक्यावर कोरीव महिरप. महिरपीत दोन मोर चोचीला चोच लावून उभे. आई आदल्या थंडीत गेली. जाण्याआधी बोलता बोलता म्हणाली होती, "माझ्यामागं कपाट अंबूला द्या." अंबू माझी थोरली बहीण, दुधनीला दिलेली. तिने नंतर कपाटाचं नावही काढलं नाही. आम्हीही काढलं नाही. कपाट आपलं जागेवर उभं होतं आणि आमचे वडील, आप्पा, रोज सकाळी त्याच्यासमोर उभे राहून भांग पाडत होते. आप्पांच्या डोक्यावर विंचरण्याजोगं फारसं काही उरलेलं नव्हतं. तरी आई गेल्यापासून त्यांना भांग पाडायला बराच वेळ लागायचा.

वैशाखात एका सकाळी कंगवा खाली ठेवून ते म्हणाले, "बाळासो, अंबूचं कपाट पोचवून टाकू."

मी म्हटलं, "घाई काय आहे?"

"ती बोलून गेलीय." मग दाराशी जाऊन परत वळले. "उभंच न्यायचं. आडवं करायचं नाही."

"का?"

आप्पा टोपी घालून बाहेर पडले. सगळी नोकरी मिलच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून काढलेला माणूस. हुकूम देणं एका टेबलाचं काम आणि कारण देणं दुसऱ्या टेबलाचं, अशी त्यांची समजूत होती.

दुधनी रेल्वेवर आहे, तेव्हा कपाट मालगाडीने जाणार हे उघड होतं. मी स्टेशनवर गेलो. पार्सल कचेरीला कुलूप. बाहेर एक गृहस्थ बिडी ओढत बसले होते. म्हणाले, "संप हाय. मिटला की या." हे चौऱ्याहत्तर साल. सगळ्या देशाची रेल्वे बंद पडायला आणि आमचं कपाट निघायला एकच मुहूर्त सापडला होता.

संध्याकाळपर्यंत बातमी आळीभर झाली. शेजारच्या रंभाबाई आल्या. कुठल्याही संकटात पहिला सल्ला त्यांचा असतो. पुष्कळदा संकटही त्या सल्ल्यानंतर येतं.

"आप्पांचं खरं हाय," त्या म्हणाल्या. "आरसा आडवा करू न्हाई. आरसा आडवा झाला की घरातलं मानूस आडवं हुतंय."

आमच्या घरातलं माणूस थंडीतच आडवं झालं होतं, आणि तेव्हा आरसा चांगला उभा होता. रंभाबाईंच्याही ते नंतर लक्षात आलं असावं, कारण त्या एकदम उठून आमची न सांडलेली चहाची कपबशी पुसायला लागल्या.

दुसरा सल्ला तात्याबांचा. तात्याबा वीजखात्यातून निवृत्त झालेले लाइनमन. यात्रेत तारा उचलायचा बेचक्याचा बांबू वर्षानुवर्षं त्यांच्याच हातात. त्यामुळे माणसाच्या डोक्याच्या वर जे जे काही आहे ते आपल्या अखत्यारीत येतं, असं ते धरून चालत. पेठेच्या टोकाचा रेल्वे-पूल त्यांनी मला बांबूने मोजून दिला. मी तो आकडा कपाटाच्या आकड्याशेजारी लिहिला, वजाबाकी केली आणि उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. तात्याबा म्हणाले, "अरं, लई जागा हाय की! मोरावर मोर बसंल." आम्ही दोघांनी चहा घेतला. एका प्रशिक्षित पदवीधराने आणि एका अनुभवी तंत्रज्ञाने मिळून केलेली ती चूक होती. एकट्याला ती जमली नसती.

ट्रक गुरप्पाचा मिळाला. दुधनीहून तुरीची पोती आणायला तो रिकामाच निघाला होता. त्याने कपाटाला एक चक्कर मारली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "बसतंय की."

"पुलाखालून?"

"पुलाखालून कशाला? मी फाटकातनं जातो. पण पुलाखालनं बी बसतंय."

"त्या पुलाखालून कधी गेलायस का?"

"न्हाई. पूल काय वो मालक, समदे सारखेच की."

कपाट उभं करून दोरखंडांनी चहूबाजूंनी आवळलं. आरशाचा भाग मात्र आप्पांनी मोकळा ठेवायला लावला. त्यावरून दोर जाऊ दिला नाही, गोणपाट लावू दिलं नाही. आप्पा गुरप्पाशेजारी बसले. कपाटाला सोबत म्हणून मी मागे उभा राहिलो. आळीतले लोक दारात आले. रंभाबाईंनी डोळ्याला पदर लावला. ट्रक निघाला तेव्हा आरशात आमची आळी मागे मागे जाताना दिसली, आणि शेवटी आमचं दार. तेही गेलं.

फाटक बंद होतं. फाटकवाला ईरप्पा आणि त्याचे संपातले सोबती लिंबाखाली सतरंजी टाकून बसले होते.

गुरप्पा ओरडला, "उघड की रं!"

"संप हाय."

"मग पाडलास कशाला?"

"पाडलं तवा ड्यूटी हुती."

मी मागून विचारलं, "अहो, पण गाडी तर येणार नाही ना?"

"कशी येईल? संप हाय की."

"मग फाटक कुणासाठी बंद?"

ईरप्पाने प्रामाणिकपणे विचार केला. "आता उघडलं तर त्ये काम झालं, सायेब," तो म्हणाला. "बंद हाय त्यात माझं काई काम न्हाई."

गुरप्पाने ट्रक पुलाकडे वळवला.

पूल जवळ येताना मी बघितला. वजाबाकी मनात पुन्हा करून बघितली. उत्तर तेच आलं. पण आता त्या उत्तराखाली एक ट्रक उभा आहे, हे माझ्या लक्षात यायला आणि पूल यायला एकच गाठ पडली. मी टपावर थापा मारून ओरडलो, "गुरप्पा! गुरप्पा!" त्याला वाटलं मागून "चलो" म्हणताहेत. त्याने वेग वाढवला.

आवाज फार मोठा झाला नाही. जुनी फळी मोडावी तेवढाच. डाव्या मोराची मान तुटून उडाली, पहिल्या गर्डरखालून महिरप कशीबशी आत सरकली आणि दुसऱ्या गर्डरला जाऊन टेकली. पुढे न्यावं तर दुसरा गर्डर, मागे घ्यावं तर पहिला. ट्रकचं तोंड पुलाच्या पलीकडे अक्कलकोटच्या दिशेने निघालेलं, आणि कपाट अजून सोलापूर सोडायला तयार नाही.

पाच मिनिटांत मागे बैलगाड्या, टांगे, सायकली आणि एक शहर-बस जमली. बसचा कंडक्टर उतरून आला, सगळं पाहिलं आणि मला म्हणाला, "मोजायचं तरी हुतं." मी त्याला मोजल्याचं सांगितलं नाही. माणसाला काही अब्रू असते.

तात्याबा सायकलवरून आले. हँडलला बेचक्याचा बांबू आडवा बांधलेला. गर्दी दुभंगली. सवयीने त्यांनी बांबू उचलला, बेचकं पुलाच्या गर्डरला लावलं आणि वर जोर केला. चारदोन जण "हां, हां, अजून थोडं" असंही म्हणाले. मग तात्याबा थांबले. बांबू खाली घेतला. "ह्यो आपल्या खात्यातला न्हाई," म्हणाले, आणि सायकलला टेकून उभे राहिले.

हवालदार आला आणि पंचनामा करू लागला. "पूल कुणाचा?"

कुणीतरी म्हणालं, "रेल्वेचा."

"रेल्वेचं कोण हाय हितं?"

फाटकाकडून ईरप्पा आणि मंडळी मजा बघायला आली होती. ईरप्पा म्हणाला, "आमी हाय. पर संपावर हाय."

हवालदाराने लिहिलं, की पूल जागेवरच उभा आढळला आणि त्याच्यातर्फे बोलण्यास कोणी हजर नव्हते. मग माझं नाव, वय, शिक्षण विचारलं. शिक्षण सांगताना मी आवाज शक्य तितका खाली ठेवला. "बी.कॉम.?" तो मोठ्याने म्हणाला. मागच्या बैलगाडीपर्यंत ते गेलं.

आता उपाय सगळ्यांना दिसत होता. बैलांनाही दिसत असावा. "आडवं करा की!" पाचपन्नास माणसं एकदम म्हणाली. दोर सोडायचे, कपाट मागे कलतं करायचं, गोणपाटांवर निजवायचं. गुरप्पाने पान थुंकलं आणि ट्रकच्या मागच्या फाळक्यावर पाय दिला.

तेवढ्यात आप्पा उतरले. टोपी नीट केली. ट्रकच्या मागे आले, चाकावर पाय ठेवून वर चढायला लागले. त्यांना ते झेपणारं नव्हतं. मी वरून हात दिला. वर येऊन ते आरशाकडे पाठ करून उभे राहिले आणि दोन्ही हात कपाटाच्या दोन्ही कडांना लावले.

"आडवं करायचं नाही," ते म्हणाले.

कुणीतरी हसलं. खालून आवाज आला, "म्हाताऱ्याला ऊन लागलं का काय?" मला फार लाज वाटली. कपाटाची नव्हे, आप्पांची. हे सांगायला नको होतं, पण सांगितलं. मी जवळ जाऊन हळू म्हणालो, "आप्पा, लोक बघताहेत. आडवं केलं तर काय बिघडणार आहे?"

आप्पांनी फक्त उजवा हात कडेपासून जरासा बाजूला घेतला.

पुलाखाली अंधार होता. पण आरशावर पलीकडून उजेड येत होता, आणि त्या उजेडात मला आरशाच्या कडेला टिकल्या दिसल्या.

कुंकवाने पुरळ उठायला लागलं तेव्हापासून आई टिकली लावायची. रंभाबाईंना ते पसंत नव्हतं. आंघोळीला जाताना आई कपाळावरची टिकली काढून आरशाच्या कडेला चिकटवायची, आणि परत आल्यावर विसरून दुसरी लावायची. मरूण रंगाच्या, एकीखाली एक. काही जुन्या होऊन काळ्या पडलेल्या. आई काही उंच नव्हती. टिकल्यांची ती ओळ आप्पांच्या खांद्याच्या वर गेली नव्हती. मी कपाट पायापासून मोरापर्यंत मोजलं होतं. त्यावरून टेप फिरवली होती. मला त्या दिसल्या नव्हत्या.

आडवं केलं असतं, गोणपाट लागलं असतं, दोर आवळला असता, तर एकही राहिली नसती.

मी खाली उतरलो. गुरप्पा दोराला हात घालून उभा होता.

"आडवं करायचं नाही," मी म्हणालो.

"का वो? आता तुमी बी?"

"नाही म्हणजे नाही."

गुरप्पाने माझ्याकडे पाहिलं, वर आप्पांकडे पाहिलं. मग काय कळलं कोण जाणे, त्याने दोर सोडून दिला. "मग चाकाची हवा काढू," म्हणाला.

हवा काढली. चारही बाजूंनी सुस्कारे टाकत ट्रक खाली बसायला लागला. महिरप गर्डरपासून सुटली, पण पुरती सुटली नाही. बोटभर कमी पडत होतं. अजून हवा काढली तर ट्रक जागचा हलणार नव्हता.

"वजन पायजे," गुरप्पा म्हणाला. "वर मानसं बसवा. चाकावरच्या कमानी दबत्याल."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. टांगेवाले टांगा सोडून येईनात, बसमधले बस सोडून येईनात. मी ईरप्पाकडे पाहिलं.

तो म्हणाला, "ढकलायचं असंल तर जमनार न्हाई. उचलायचं बी न्हाई. कामाला हात लावणार न्हाई."

"बसायचंय," मी म्हणालो. "नुसतं बसायचं."

ईरप्पाने सोबत्यांकडे वळून पाहिलं. आपापसांत थोडी चर्चा झाली. "बसणं काम न्हाई," तो शेवटी म्हणाला. "संपात आमी त्येच करतोय की."

आणि रेल्वेची ती सगळी माणसं ट्रकमध्ये चढली. सतरंजीही बरोबर घेतली. कपाटाभोवती मांड्या घालून बसली. त्यांच्याकडे पगार नव्हता, पुढे नोकरी राहील की नाही याची खात्री नव्हती, पण वजन होतं आणि ते त्यांनी दिलं. गर्दीतून रंभाबाई पुढे झाल्या. "माझं बी घ्या," म्हणाल्या. त्यांना चढवायला तिघे लागले. त्या बसल्या आणि ट्रकने जो काही उरलासुरला ताठा होता तो सोडला.

एकटे आप्पा उभे होते. आरशाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून.

गुरप्पाने ट्रक मुंगीच्या पावलाने पुढे घेतला. एकेक गर्डर डोक्यावरून गेला. बाहेर उन्हात आलो तेव्हा मागे टाळ्या पडल्या. हवालदारानेही दोन वाजवल्या. मग पंप आणून चाकं भरली. पंप मारणं काम असल्यामुळे तो मी मारला, आणि ईरप्पाची मंडळी सावलीत बसून मला उत्तेजन देत राहिली.

दुधनीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. "बर्री, बर्री," असं कानडीत या, या म्हणत अंबूच्या सासूबाई गोजाबाई बाहेर आल्या. फार मायाळू बाई. अंबू कपाट बघून तशीच उंबऱ्यात थांबली, मग डोळे पुसत चहा टाकायला आत गेली. चार माणसांनी कपाट उभं उतरवलं, उभं आत नेलं, भिंतीला लावलं. रस्त्याची, पुलाची, उन्हाची सगळी धूळ आरशावर बसलेली. गोजाबाईंना वाईट वाटलं. "अयायी, केवढी धूळ! व्याह्यांनी एवढ्या लांबनं आणलं," म्हणत त्यांनी फडकं ओलं केलं, पिळलं आणि आरसा पुसायला घेतला. वरून खाली, मग कडेने. नखाने खरवडून. चांगलं स्वच्छ.

मी पुढे झालो. आप्पांनी माझा दंड धरला.

"पुसू दे," ते म्हणाले. "धूळ बसलीय."

गोजाबाईंनी फडकं बादलीत बुडवलं. आरसा लखलखीत झाला. त्यात आप्पा दिसत होते, मी दिसत होतो.

अंबू चहा घेऊन आली. कप ठेवून आरशाजवळ गेली. कडेवरून बोट फिरवलं, खांद्याच्या उंचीवर थांबली. "आप्पा, इथं आईच्या टिकल्या होत्या ना?"

गोजाबाईंच्या हातातलं फडकं थांबलं. त्या आप्पांकडे बघायला लागल्या.

"होत्या," आप्पा म्हणाले. "वाटेत पूल लागला. पुलाखाली पडल्या." मग गोजाबाईंकडे वळून म्हणाले, "चहा झकास झालाय, विहीणबाई."

परत निघालो ते दुसऱ्या दिवशी. ट्रकमध्ये तुरीची पोती होती. सोलापूर जवळ आलं, पूल आला. गुरप्पाने वेग कमी केला. खालून सहज जाण्याइतकी जागा होती. तरी आप्पा म्हणाले, "गुरप्पा, जरा थांब."

ते उतरले, पुलाखाली गेले आणि वाकून रस्ता बघायला लागले. मी बघत उभा राहिलो. त्या तिथे नव्हत्या हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. पण एकदा सांगितलं म्हणजे बघायला तर हवं.

फाटकाजवळच्या लिंबाखालून ईरप्पा आणि मंडळी आली. "काय हरवलं वो आप्पा?"

"काही नाही. बघतोय जरा."

ईरप्पाने जास्त विचारलं नाही. शोधणं हे काम आहे की नाही यावरही त्यांच्यात या वेळी चर्चा झाली नाही. काय शोधायचं हे माहीत नसलेली ती सगळी माणसं पुलाखाली वाकली आणि रस्त्यावरचा खडा अन् खडा बघायला लागली. गुरप्पाही उतरला. मीही वाकलो. वरती रूळ रिकामे होते.

बऱ्याच वेळाने गटाराच्या कडेला ईरप्पाने काहीतरी उचललं. विजारीला पुसलं आणि आप्पांसमोर हात उघडला. डाव्या मोराची मान. चोच शाबूत होती.

"ह्येच का, आप्पा?"

आप्पांनी ती घेतली, उजेडात धरून बघितली. मग खिशातून रुमाल काढला, त्यात ती गुंडाळली, आणि रुमाल आतल्या खिशात ठेवला.

"हेच," ते म्हणाले.